बसून घ्या

लिफ्टमध्ये माणूस अडकला की आम्हा तक्रारवाल्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "घाबरू नका. आत हवा येते, जीव गुदमरणार नाही. दाराशी झोंबू नका. खाली बसून घ्या." तमिळमध्ये शेवटचं वाक्य फार गोड वाटतं, "कीळे उक्कारुंग." चेन्नईच्या गिंडीतल्या एका लिफ्ट कंपनीच्या तक्रारींच्या टेबलावर बसून मी हे इतक्या वेळा म्हटलंय, की झोपेत कुणी हलवलं तरी मी आधी "कीळे उक्कारुंग" म्हणेन आणि मग डोळे उघडेन, असं अविनाश म्हणतात. अविनाश म्हणजे माझे यजमान. त्यांच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे मी मिरज सोडून चेन्नईला आले आणि तमिळ शिकले ती अडकलेल्या लोकांकडून. त्यामुळे माझं तमिळ धीर द्यायला उत्तम आहे, भाजी घ्यायला यथातथाच.

बसायला सांगतो त्याला कारण आहे. उभा माणूस घाबरतो, दार ओढतो, फट दिसली की त्यातून उडी मारायला जातो, आणि अपघात होतात ते नेमके तेव्हा. दोर तुटून लिफ्ट खाली कोसळते ती सिनेमात. खरी लिफ्ट हट्टी म्हशीसारखी मध्येच उभी राहते, एवढंच. मग आमचा मेकॅनिक गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जातो, मेन स्विच बंद करतो, ब्रेक हाताने सैल करतो आणि चाक फिरवत फिरवत लिफ्ट जवळच्या मजल्याच्या बरोबरीला आणतो. मग दार उघडायचं. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात चाक फिरवणं म्हणजे घाम काढायचं काम, म्हणून लिफ्ट मजल्यापासून दोन-अडीच फुटांवर असेल तर मेकॅनिक सरळ दार उघडतात आणि माणसाला हात धरून खाली उतरवून घेतात. त्यावरून मी त्यांच्याशी भांडत आले आणि ते माझं ऐकल्यासारखं करत आले.

या टेबलावर माणसं काय एकेक भेटली! एका मंगल कार्यालयात अख्खं वऱ्हाड एका लिफ्टमध्ये घुसलं आणि नवरदेवासकट अडकलं. "बसून घ्या" म्हटलं तर आतून उत्तर आलं, "मॅडम, इथे श्वास घ्यायला पाळी लावलीय, बसतोय कसले!" त्यांच्यात एक नादस्वरमवाला होता. मुहूर्त टळू नये म्हणून तो आतूनच वाजवत होता आणि खालच्या मजल्यावरची मंडळी वर बघून अक्षता टाकायच्या की नाही या विचारात होती. दुसऱ्या एक बाई. त्यांनी अडकल्यावर फोन केला आणि म्हणाल्या, "मेकॅनिक सावकाश पाठवा हं. घरी गेलं की सगळे हाका मारतात. इथे बरंय." मी त्यांचं ऐकलं नाही, पण मनातून त्यांची बाजू पटली होती.

आणि वेळचेरीचे एक म्हातारे गृहस्थ होते. ते रोज सकाळी फोन करत आणि म्हणत, "अम्मा, आजही एक बोट." म्हणजे त्यांची लिफ्ट मजल्याच्या एक बोट वर थांबते. आमच्या ऑफिसात त्यांचं नावच 'एक बोट' पडलं होतं. फोन वाजला की सगळे खिदळायचे. मी मात्र दर वेळी मेकॅनिक पाठवायचे, आणि त्यांना वाटायचं की केवढी ही सौजन्यशील बाई. सौजन्य कसलं डोंबलाचं! एका बोटाचा उंबरठा म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. माझा पाय तेवढाही उचलत नाही. चवडा अडतो आणि मी ओंडक्यासारखी आडवी होते.

आता सांगूनच टाकते. दिवसभर लोकांना खाली बसायला सांगणाऱ्या मला स्वतःला खाली बसता येत नाही. म्हणजे बसता येतं. उठता येत नाही.

माझ्या आजाराचं नाव मस्क्युलर डिस्ट्रॉफी. यात स्नायू हळूहळू झिजतात. माझ्या प्रकारात कमरेचे आणि खांद्यांचे. दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही, म्हणून सुरुवातीला कळतही नाही. तिशीत मला आधी बसची पायरी उंच वाटायला लागली. मग वरच्या फळीवरचा डबा काढताना हात मध्येच परत यायला लागला. एकदा मिरजेला सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि वर येता येईना. त्या म्हणाल्या, "किती वेळ नमस्कार करतेस गं? माझे आशीर्वाद संपले." सगळे हसले, मीही हसले, आणि त्यांच्याच गुडघ्यावर हात रेटून कशीबशी उभी राहिले. पुढे पुष्कळ दिवस मी गुडघ्यांना तेल चोळत होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मग इथल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "जमिनीवर बसा आणि उठून दाखवा." मी बसले. आणि उठताना जे मी एरवी दार लावून करत होते, ते मला त्यांच्यासमोर करावं लागलं. आधी पालथं वळायचं. मग जनावरासारखं चार पायांवर यायचं. ढुंगण वर काढायचं. मग हात नडग्यांवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर ठेवत ठेवत आपल्याच अंगावर चढत वर यायचं. निम्म्यातच डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना रोग कळला होता. त्यांनी दार उघडून शिकाऊ मुलामुलींना हाक मारली, "या, या, बघून घ्या." आणि मला म्हणाले, "पुन्हा एकदा कराल, प्लीज?"

मी पुन्हा एकदा केलं. साडीचा पदर सुटला होता. एक मुलगी काहीतरी लिहून घेत होती. डॉक्टर वाईट नव्हते, नंतर त्यांनी शांतपणे सगळं समजावूनही सांगितलं. यावर औषध नाही, जपून राहा, पडू नका. पण मला ते काहीच ऐकू आलं नाही. रिक्षात बसल्यावर मी अविनाशना म्हटलं, "हे पुन्हा कुणाला दिसू द्यायचं नाही. कुणाला म्हणजे कुणाला."

आणि नाही दिसू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑफिसात मी 'मुट्टी वलि' म्हणजे गुडघेदुखी सांगितली. गुडघेदुखी कशी सभ्य असते, घराघरांत असते, तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. मी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांनंतर निघायची. खुर्चीवर दोन उशा. लग्नाकार्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून त्यावर बसायची, कारण एकच असली की ती ठेंगणी पडते. कुणी विचारलं तर म्हणायचं, "खालच्या खुर्चीला तडा गेलाय हो." हळदीकुंकवाला जाणं बंद केलं, कारण तिथे सतरंजी असते. आणि मी उठायला लागले की अविनाश बरोब्बर माझ्यापुढे येऊन उभे राहायचे आणि समोरच्याला मोठ्याने काहीतरी विचारायचे. "काय हो, तुमच्याकडे पाणी कधी येतं?" पाहुण्यांना वाटायचं, या माणसाला पाण्याचा फार घोर आहे.

पाण्यावरून आठवलं. ऑफिसातला कमोड बुटका होता. म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नसे. चेन्नईच्या उन्हाळ्यात! घरी येऊन आधी तांब्याभर पाणी ढोसायचं. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, दुसरं काय. माझा दिवस असा जायचा, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो फार छान चालला होता.

गेल्याच्या गेल्या वर्षी, चतुर्थीच्या आसपास, भरदुपारी एक फोन आला. अड्यारची एक जुनी सोसायटी, जुनी लिफ्ट. आत एकटीच बाई होती. आवाज तरुण, आणि तमिळ अस्सल इथलं.

मी नेहमीचं सुरू केलं. "घाबरू नका. मेकॅनिक निघालाय. कीळे उक्कारुंग."

"बसायला नको," ती म्हणाली. "मी उभी राहते."

"वेळ लागेल अम्मा. उभं राहून पाय दुखतील. बसून घ्या."

"नको म्हटलं ना!"

तिचा आवाज फाटला. मग फोन तोंडापासून दूर धरून ती स्वतःशीच पुटपुटली. "बसलें तर उठवेना, कोणास सांगूं."

मी ताठ झाले. एक तर मराठी. तीही आपल्या पणजीच्या पत्रात असावी तशी मराठी. तंजावरची मराठी कुटुंबं चेन्नईत पुष्कळ आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथली. घरात ती तमिळ हेल काढून अशी मराठी बोलतात. पण मला त्या भाषेने धरलं नाही. मला त्या वाक्याने धरलं. बसले तर उठवणार नाही. हे वाक्य माझं होतं.

मी मराठीत म्हटलं, "बसू नका. भिंतीला पाठ लावा. गुडघे मागे रेटून घट्ट ठेवलेत ना? तसेच ठेवा."

मग, "तुम्ही मराठी?"

"मिरजेची. तुमचं नाव काय?"

"यमुना. गुडघ्यांचें तुम्हांस कसें कळलें?"

आमच्यासारखी माणसं कशी उभी राहतात ते सांगते. मांडीत जोर नसतो, म्हणून गुडघा मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा अडकवायचा, पोट पुढे काढायचं आणि त्या तोलावर राहायचं. कुलूप सुटलं की माणूस कोसळतो. हे बाहेरच्याला माहीत नसतं.

मी आजूबाजूला पाहिलं. आमच्या खोलीत आणखी तिघं फोनवर होती, काचेपलीकडे मॅनेजर. मराठीचं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. मी बिनधास्त बोलले. "मलाही तेच आहे. मलाही उठता येत नाही." इतक्या वर्षांत अविनाश सोडून मी हे कुणालाच म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि काहीही झालं नाही. पंखा फिरत होता. शेजारची फोनवर कुणाला तरी "कीळे उक्कारुंग" सांगत होती.

यमुनेची आई खालच्या मजल्यावर दाराबाहेर उभी राहून हाका मारत होती, ते मला फोनवरून ऐकू येत होतं. वॉचमन, शेजारपाजारचे, इस्त्रीवाला, सगळे जमले होते. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापासून दोन-अडीच फूट वर अडकली होती. माझा मेकॅनिक सेल्वम मदतनिसाला मागे बसवून गिंडीहून बाइकवर निघाला होता. मी तिला बोलती ठेवली. ती मुलांना ऑनलाइन गणित शिकवत होती. दवाखान्यातून परत येत होती. आई जिन्याने पुढे गेली होती, किल्ली काढायला.

मग ती एकदम गप्प झाली.

"यमुना?"

"येथें पाणी आहे," ती म्हणाली.

आता, आमच्या धंद्यात लिफ्ट आणि पाणी हे दोन शब्द एकत्र आले की सगळ्यांची धावपळ उडते. गच्चीवरची टाकी फुटून पाणी लिफ्टच्या पोकळीत उतरलं तर वायरिंगमध्ये शिरतं. मी खुर्चीतून जवळजवळ ओरडले, तमिळमध्ये, "तण्णी! लिफ्टमध्ये पाणी!" सगळ्यांनी फोन खाली घेतले. मॅनेजर काचेबाहेर आले. एकाने दुसऱ्या फोनवर सेल्वमला गाठलं, आधी मेन स्विच बंद कर म्हणून. आणि मी यमुनेला विचारत होते, "कुठून येतंय? वरून की भिंतीतून? वायरी दिसतायत का? यमुना, सांगा, कुठून?"

मी पुन्हा ओरडले.

"अहो कुठून येतंय पाणी?"

"माझेंच," ती म्हणाली.

या एका शब्दाची मला आजही लाज वाटते. तिला जितकी वाटली असेल, त्याहून जास्त मला. जी स्वतः सकाळपासून पाणी पीत नाही, आणि का पीत नाही हे जिला पक्कं ठाऊक आहे, त्या मला हे कळू नये! मी अख्ख्या ऑफिसला ओरडून सांगितलं होतं. ती तिथे भिंतीला पाठ लावून उभी होती, हलायची सोय नव्हती, आणि मी विचारत होते कुठून येतंय.

"दार उघडूं देऊं नका," ती रडत म्हणाली. "बाहेर सारे आहेत. मी मेलें तरी चालेल, दार उघडूं नका."

मी ऑफिसला सांगितलं, "पाणी नाही. तिच्या हातातली बाटली सांडलीय." खोटं बोलायला मला काही त्रास पडत नव्हता, सराव होता. सगळे आपापल्या फोनकडे वळले. तेवढ्यात सेल्वमचा फोन आला. तो पोचला होता. त्याने मेन बंद केला होता, वरून अंदाज घेतला होता. सेल्वम माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला मेकॅनिक, तोंडाने फटकळ.

"अक्का, दोन-अडीच फूटच आहे. ब्रेक गंजलाय, चाक फिरवायला वेळ जाईल. दार उघडतो आणि दोघं मिळून बगलेत हात घालून उतरवून घेतो. दोन मिनिटांचं काम."

बगलेत हात घालून! आमचे खांदे सैल असतात. बगलेत हात घालून उचललं तर हात वर जातात आणि अंग खाली निसटतं, हँगरवरून सदरा निसटावा तसं. मला एकदा एका भल्या माणसाने असं उचललं होतं. खांदा महिनाभर वर जात नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "चाक फिरवून मजल्याला आण. हळू. दर वेळी फिरवण्याआधी तिला ओरडून सांग, धक्का बसला तर ती पडेल. आणि तिला हात लावायचा नाही."

"अक्का, पुस्तक वाचून दाखवू नका. बाई रडतेय. तिची आई माझा गळा धरतेय. एवढीशी उडी, लहान मुलंही मारतात."

"तिला नाही मारता येणार."

"का? पाय मोडलाय का?"

"नाही."

"मग तुम्हाला काय माहीत, इथून इतक्या लांबून?"

फोन स्पीकरवर होता. माझा हात रिसीव्हर धरून थकतो म्हणून मी कायम स्पीकरवरच बोलायचे आणि सांगायचे की कानाला आवाज कमी येतो. बघा, तिथेही खोटंच. सगळं ऑफिस ऐकत होतं. मॅनेजर माझ्या पाठीशी उभे होते. टेबलावरच्या दुसऱ्या फोनवर यमुना होती आणि तिचा श्वास ऐकू येत होता. मराठीत मी किती सहज बोलून गेले होते! तेच वाक्य आता तमिळमध्ये म्हणायचं होतं. गुडघेदुखी आहे तिला, असं म्हणावं का, हाही विचार आला. पण गुडघेदुखीच्या बाईला सेल्वमने ओढलंच असतं.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "एनक्कुम् अदे दान." मलाही तेच आहे.

"काय, मुट्टी वलि?"

"मुट्टी वलि नाही. माझे स्नायू मरतायत सेल्वम. मला खुर्चीतून उठता येत नाही, जमिनीवरून तर नाहीच. बगलेत धरलं की माझा खांदा निसटतो. मी रोज सगळ्यांनंतर घरी जाते ते काम असतं म्हणून नाही. उठताना कुणी बघू नये म्हणून. आता कळलं मला कसं माहीत ते? चाक फिरव."

माझे कान तापले होते, मान वर करवत नव्हती. टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे मी बघत राहिले.

मग फोनमधून आवाज आला, "काय काय करायचं सांगा अक्का."

मी सांगितलं. प्लास्टिकच्या खुर्च्या आण, दोन किंवा तीन, एकात एक घाल. लिफ्ट मजल्याला आली की खुर्ची तिच्या मागे सरकव, ती आपणच टेकेल. एक मोठा टॉवेल हवा. आणि बाहेर एकही पुरुष नको, तुझ्याशिवाय.

"आणि तिची बाटली सांडलीय," मी म्हटलं. "खाली ओलं आहे."

"बरं," तो म्हणाला. फक्त बरं.

पुढचं मला यमुनेने सांगितलं. सेल्वमने बरोबरच्या माणसाला वर चाकावर ठेवलं आणि स्वतः दाराबाहेर उभा राहून प्रत्येक धक्क्याआधी ओरडून सांगत राहिला. सगळ्यांना त्याने खालच्या मजल्यावर पिटाळलं. तरी वॉचमन राहिलाच होता, जिन्यात मान वर करून. दार उघडलं तेव्हा सेल्वमच्या हातात त्याची स्वतःची पाण्याची बाटली होती, बूच काढलेली. खुर्ची आत सरकवताना ती त्याच्या हातून पडली. सगळं पाणी लिफ्टभर झालं. "अय्यो, माझ्याकडूनही सांडली," तो वॉचमनकडे बघून म्हणाला, "फडकं घेऊन ये रे." त्याने ते मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ऑफिस रिकामं व्हायला वेळ लागला. एरवी सगळे पटापट निघतात. त्या दिवशी ज्याला त्याला काहीतरी काम निघालं. मी उठायची कुणीतरी वाट बघतंय असं मला वाटत होतं. मॅनेजर आले, खोकले, "आधी सांगायचं ना मॅडम, आम्ही काही परके आहोत का," म्हणाले आणि गेले. चांगलेच बोलले. पण मला चोरी सापडल्यासारखं झालं. घरी येऊन मी अविनाशना म्हटलं, "राजीनामा देते."

"दे की," ते म्हणाले. "पण कारण काय लिहिशील? गुडघेदुखी?"

त्यांना हसू आलं होतं, आणि मला इतका राग आला की मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे होते. रंधा मारलेले, खाच पाडलेले, खुर्ची हलू नये म्हणून. सेल्वमचं काम, ओळखू येत होतं. खुर्ची बरोबर माझ्या मापाची उंच झाली होती. कृतज्ञ वाटायला हवं होतं ना? मला लाज वाटली. माझं माप कुणीतरी घेतलं होतं. मी दिवसभर त्या उंच खुर्चीवर बसून लोकांना खाली बसायला सांगत राहिले. राजीनामा दिला नाही, एवढंच. खरं सांगायचं तर खुर्ची फार सोयीची होती.

नवरात्रात यमुनेचा फोन आला. "आमचे येथें गोलू आहे. यावें." गोलू म्हणजे इकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात ते. बायका बघायला येतात, समोर सतरंजीवर बसतात, वाटीतलं सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ खातात, कुंकू लावून घेतात. मी म्हटलं, "मी कुठे जात नाही." ती म्हणाली, "मज ठाऊक. म्हणूनच बोलावलें."

गेले. अविनाश गाडी लावायला खाली थांबले. लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला थांबली, अगदी बोटभरही फरक नाही. हे मी आधी पाहिलं. यमुनेला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. चाळिशीच्या आतली, केस कापलेले. हात वर जात नाही म्हणून कापले असणार, मी मनात म्हटलं. तिने माझ्या बॉबकटकडे पाहिलं आणि हसली. खोलीत सतरंजी नव्हतीच. दोन उंच खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या, आणि पायऱ्यांवर बाहुल्या.

आम्ही पुष्कळ बोललो. तिचं ते 'पाणी' मी अख्ख्या ऑफिसात ओरडून सांगितलं होतं, हे मी तिला सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "बाटली सांडली म्हणालात ना? मग झालें." थोडं थांबून तिने विचारलं, "मजसाठीं म्हणालात, कीं खरेंच तुम्हांसही आहे?" तिच्या मनात शंका होती, की मी धीर द्यायला तसं म्हटलं असेन. धीर देणं हेच माझं काम, तिचं काय चुकलं? मी "आहे" म्हटलं. तिने मान हलवली, पण पटल्याचं काही दिसलं नाही.

तिच्या आईंनी कुंकू लावलं, पानसुपारी हातात दिली आणि त्या आत भांडी उचलायला गेल्या. आता निघायचं. म्हणजे उठायचं. अविनाश खाली होते. यमुना समोर बसून होती. मला निरोप द्यायला तिनेही उठायला हवं होतं, तसा रिवाज. आणि तीही उठत नव्हती. मी तिची वाट बघत होते, ती माझी. मी बाहुल्यांचं कौतुक केलं. तिने परत सुंडल हवं का विचारलं. मी पाणी कधी येतं विचारलं. शेवटी दोघींच्या लक्षात आलं आणि आम्हाला हसू फुटलं, पोट धरून. पण हसूनही कुणी उठलं नाही.

"जरा तोंड फिरव," मी म्हटलं. एकेरीवर कधी आले कळलं नाही.

"नाहीं," ती म्हणाली. "मी बघणार."

माझ्या डोळ्यांपुढे ती शिकाऊ मुलं आली. ती लिहून घेणारी मुलगी आली. अंगभर लाज चढली, इतक्या वर्षांची. पण हिच्या हातात वही नव्हती. मी पानसुपारी बाजूला ठेवली. पुढे सरकले, पाय फाकवले, वाकले, हात गुडघ्यांवर टाकले, मग मांड्यांवर, आणि ढुंगण वर काढत, धापा टाकत, माझ्याच अंगावर चढत चढत उभी राहिले. गुडघे मागे रेटले. पदर सरळ केला. खाली बघूनच उभी होते.

मान वर केली तर तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"आतां माझी पाळी," ती म्हणाली. "तुम्ही बघा."

मला मान वळवावीशी वाटली. वळवली नाही. मी बघितलं.